मतपत्रिकेवरचे कायदे

सॅन होजे, कॅलिफोर्निया
ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

राष्ट्राध्यक्ष कोण होणार, असे तुम्ही दर फोनवर विचारता. पण माझा बराच वेळ मतपत्रिकेच्या उरलेल्या भागातच जातो आहे. शाळांच्या बांधकामासाठी कर्जरोखे, किमान वेतन, घरभाडे नियंत्रण, कैद्यांकडून सक्तीने काम करून घेण्यावर बंदी, असे राज्याचे १० प्रस्ताव या वेळी थेट मतदारांपुढे आहेत. प्रत्येकापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण करायची.

लोकांनी स्वतःच कायदा मांडण्याचा हा अधिकार १९११ सालचा. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मुठीतून राज्याचे राजकारण सोडवण्यासाठी गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी तो आग्रहाने आणला. मागच्या गव्हर्नर निवडणुकीतील मतांच्या ५ टक्के, म्हणजे सध्या साडेपाच लाखांच्या आसपास, वैध सह्या जमवल्या की कायद्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो. घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के लागतात. इतक्या सह्या बिनमोबदला राबणाऱ्या कार्यकर्त्यांवर क्वचितच जमतात, त्यामुळे किराणा दुकानाबाहेर कागद पुढे करणारी माणसे बहुधा मोबदला घेऊन उभी असतात. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. २०२० साली उबर, लिफ्ट आणि त्यांच्यासारख्या कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्चून, आपले चालक नोकरदार नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असा कायदा मतदारांकडून संमत करून घेतला. त्यात बदल करायचा तर विधिमंडळात सात-अष्टमांश बहुमत हवे, अशी अट त्याच मसुद्यात होती.

लोकांनी केलेला कायदा किती घट्ट बसतो, ते आमच्या गल्लीतही दिसते. १९७८ च्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणला आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू नये, असे ठरवले. त्यामुळे जुन्या रहिवाशांना निवृत्तीनंतरही घर राखता आले, हे मी मान्य करते. पण त्याच मापाचे शेजारचे घर अलीकडे घेणारे तरुण जोडपे त्यांच्या कित्येक पट कर भरते.

बाबा, आपल्याकडे दारू दुकान बंद करण्यासाठी बायका ‘आडव्या बाटली’ला मत देतात, ती लोकशाही याच जातीची. तिथे मात्र यादीतल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी बाजूने मत द्यावे लागते, म्हणजे घरी बसलेलीचे मत बाटलीच्या पारड्यात पडते. इथे पडलेल्या मतांचे साधे बहुमत पुरते, घरी बसणारा मोजलाच जात नाही. मला गावाकडची अट जाचक वाटते, पण तिच्यामुळे निकाल सहज विकत घेता येत नाही, हेही खरे.

राज्याने पाठवलेल्या पुस्तिकेत प्रत्येक प्रस्तावाचा खर्च विधिमंडळाच्या निष्पक्ष विश्लेषकाने मांडलेला असतो आणि पुढे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद व प्रत्युत्तरे असतात. मी आधी खर्च वाचते, मग पैसा कोणी ओतला ते पाहते. नऊ प्रस्तावांवर खुणा करून झाल्या आहेत. घरभाड्याचा तेवढा राहिला आहे. त्याचा मूळ मसुदा पुन्हा वाचून मतपत्रिका ५ नोव्हेंबरच्या आत टपालात टाकीन.

आईला नमस्कार सांगावा.

तुमची,
सुनीता