त्या चौकशा म्हणजेच आमचे काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन झाला. सकाळपासून मोबाइलवर शुभेच्छा येत होत्या आणि संध्याकाळी दुकानात एका गृहस्थांनी मला सुनावले, "मॅडम, चिठ्ठी दिलीय ना? मग गोळ्या द्या, चौकशा कशाला?" त्यांच्यावर राग नाही. पण त्या चौकशा म्हणजेच माझे काम आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसते, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एक आजी आल्या. "तोंड आलंय गं, बी-कॉम्प्लेक्सचं एक पान दे." मी विचारले, "आजी, दुसरं काय काय चालू आहे?" थोडे कुरकुरतच त्यांनी पिशवी उघडली. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू होते. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घेतात. जोडीला फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व असते, ते आजींना बाकीच्या दिवशी घ्यायचे होते. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. आजींनी नेमकी अदलाबदल केली होती. दहा आठवडे पुरायचे पान दहा दिवसांत संपत आले होते. म्हणजे तोंडातले ते फोड जीवनसत्त्व कमी पडल्याचे नव्हते, औषध अंगावर उलटल्याचे होते. काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावला. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या. आठवडाभर ॲडमिट राहून आजी घरी आल्या. ते पान त्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतले होते आणि तिथे त्यांना कोणी काहीच सांगितले नव्हते. मीही बी-कॉम्प्लेक्स देऊन मोकळी झाले असते, तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

असे रोज घडत नाही, पण लहानसहान गोष्टी रोज घडतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मागतो. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकाच घोटात घेतले जाते. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. सगळ्यात जास्त भीती मला इन्सुलिनची वाटते. मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीची सिरिंज लाल टोपणाची, १०० युनिट असलेल्या बाटलीची नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने नेहमीच्या रेघेपर्यंत औषध भरले, तर पोटात अडीचपट इन्सुलिन जाते. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. आणि घरचे "मेडिकलवाल्याने दिली तीच सिरिंज वापरली" असे म्हणतील, त्यात त्यांचे काही चुकणारही नाही.

सरकारी कागदावर आम्ही 'औषधनिर्माता', लोकांच्या तोंडी 'मेडिकलवाला'. यातल्या एकाही शब्दात समजावून सांगणे येत नाही. कायद्यात मात्र ते आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे. २०१५ च्या नियमांनी तर रुग्णाला औषधाची माहिती देणे हे आमचे कर्तव्यच ठरवले आहे.

आता आमच्या घरातलेही बोलते. भिंतीवर एकाचे सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच, अशी दुकाने आहेत. सर्टिफिकेट भाड्याने देऊन महिन्याला घरबसल्या पैसे घेणारे माझ्याच शिक्षणाचे लोक आहेत. त्यांनी आमचा विश्वास विकला, असे मी स्पष्ट म्हणते. लोक आम्हाला नुसते दुकानदार समजतात, याला तेही जबाबदार आहेत.

म्हणून वाचकांना विनंती आहे की, दुकानात गेल्यावर "फार्मासिस्ट कोण आहेत?" असे बेधडक विचारा. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पाने सोबत ठेवा, आयुर्वेदिक असली तरी दाखवा. आणि संपादक महोदय, आपल्या आरोग्य पुरवणीत डॉक्टरांचे सदर दर आठवड्याला असते. त्याच पानावर 'ही गोळी कशी घ्यावी' एवढीच चौकट सुरू करावी. पहिली मेथोट्रेक्सेटची असावी, अक्षर मोठे ठेवावे. आजींना चष्मा लावूनही बारीक दिसत नाही.

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, बार्शी (जि. सोलापूर)