फायब्रोस्कॅनचा नुसता आकडा काय कामाचा?

मा. संपादक,
स. न.

सिरोसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) म्हटलं की अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला दुर्बीण (एंडोस्कोपी) घालावीच लागते, असा समज अजून आहे. यकृतविकारतज्ज्ञांच्या बाव्हेनो परिषदेने २०१५ मध्येच निकष दिला होता: फायब्रोस्कॅनवर (बाहेरून कंपनं सोडून यकृत किती कडक झालं ते मोजणारं यंत्र) यकृताचा कडकपणा २० किलोपास्कलच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर इलाज करावा लागेल एवढ्या मोठ्या शिरा निघण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. अशांची एंडोस्कोपी टाळता येते. मात्र दोन्ही तपासण्या दरवर्षी करायच्या आणि कडकपणा वाढला किंवा प्लेटलेट उतरल्या तर दुर्बीण करून घ्यायची.

अडतं ते आकड्यापाशी. तपासणीआधी किमान तीन तास पोट रिकामं हवं. जेवणानंतर यकृताकडे रक्त जास्त येतं आणि कडकपणा खोटा वाढतो. मोफत शिबिरांत मात्र रांगेतल्या माणसाच्या हातात आधी चहा-पोहेच येतात! तुंबलेली कावीळ, यकृताची ताजी सूज, हृदयविकाराने साचलेलं रक्त, नुकतंच झालेलं मद्यपान यांनीही आकडा फुगतो. उजव्या बरगड्यांच्या फटीतून दहा ग्राह्य मोजण्या घेऊन त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढतात. सोबत आयक्यूआर (मोजण्या आपसांत किती विखुरल्या आहेत त्याचं माप) छापलेला असतो. तो मध्यकाच्या ३० टक्क्यांवर गेला, तर मोजणी भरवशाची नाही. जाड अंगाच्या माणसाला एक्सएल प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा मोठा भाग) लागतो.

प्लेटलेटचंही तसंच. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलेल्याच्या प्लेटलेट सिरोसिसमुळे उतरल्या असं लगेच धरू नये. कधी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत त्यांच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. अशा वेळी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यावा किंवा सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घ्यावं.

उलटी चूक जास्त महागात पडते. आपल्याकडे सिरोसिस नसतानाही पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) दाब वाढलेले रुग्ण बरेच दिसतात. त्यांचा कडकपणा जेमतेम असतो, पण प्लीहा मोठी आणि शिरा टपोऱ्या. बाव्हेनोचा निकष त्यांच्यासाठी नाहीच. म्हणून सोनोग्राफीत प्लीहेची लांबी आणि पोर्टल शिरेची अवस्था बघितल्याशिवाय ‘आकडा कमी, काळजी नाही’ म्हणू नये. पोटात पाणी झालेल्यांनाही तो लागू नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर फायब्रोस्कॅनच्या नादी न लागता तडक इस्पितळ गाठावं.

कडकपणा २५ च्या वर असेल, तर पोर्टल शिरेतला दाब बराच वाढला असं बहुतेकदा धरता येतं (लठ्ठ माणसाच्या फॅटी लिव्हरमध्ये हा आकडा तितका चालत नाही). अशा वेळी रक्तदाब सांभाळून कार्व्हेडिलॉल (पोर्टल शिरेतला दाब उतरवणारं औषध) सुरू करता येतं, आणि ते सोसत असेल तर नुसत्या चाळणीसाठी दुर्बिणीची गरज उरत नाही.

शिबिरं भरवणाऱ्यांनी रिपोर्टवर एवढं तरी छापावं: किती तास उपाशी, कोणता प्रोब, किती ग्राह्य मोजण्या, आयक्यूआर किती.

— एक यकृतविकारतज्ज्ञ, नाशिक