सीटवरची सॅक

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

परवा बसमध्ये चारचौघांत तुला बोलले नाही, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून लिहितेय.

खानापुरात ती म्हातारी चढली. बोलण्यावरून इटगीकडची असावी. "तम्मा, स्वल्प सरी," म्हणाली, म्हणजे बाळा, जरा सरक. तुला कन्नड कळतं, शाळेत शिकलास. तरी शेजारच्या सीटवरची सॅक हलवली नाहीस. वर मागे वळून मला म्हणालास, "फुकट जायचं आणि जागाही पाहिजे." मेथीची बुट्टी पायांत धरून ती दांड्याला लोंबकळत होती. ब्रेक लागला की आधी बुट्टी सावरायची, मग स्वतःला. देसूर आल्यावर मी उठून तिला जागा दिली. इतका वेळ मी तरी का बसून राहिले, याचं वाईट वाटतंय.

अरे, कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट माफ झालं, तेव्हापासून, 11 जून 2023 पासून, मीसुद्धा फुकटच जाते. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो, त्याचे पैसे सरकार महामंडळाला भरतं. तुझी ती सॅक त्याच वाचलेल्या भाड्यातून घेतली आहे. आणि तुझं तिकीट बाबांच्या पैशांचं. ती बाई मात्र स्वतः मेथी विकून खाते.

ती कन्नड बोलली म्हणून तर तू गप्प बसला नाहीस ना? हे मला जास्त लागलंय. आपला मराठी भाग कर्नाटकात घातला, हे 1956 पासूनचं आपलं गाऱ्हाणं ऐकतच तू वाढलास. ते खरं आहे, मीही सोडणार नाही. पण ते सरकारशी. त्या म्हातारीनं आपलं काय घेतलंय?

बेळगावच्या स्टँडवर मला बसची कन्नड पाटी वाचता येत नाही. दर खेपेला कुणाला तरी विचारते. गेल्या महिन्यात कॉलेजातल्या एका कन्नड पोरीनं माझी पिशवी उचलली आणि खानापूरच्या गाडीपर्यंत आणून सोडलं. "अव्वा, इदे," म्हणजे आई, हीच, एवढंच म्हणाली आणि पळत गेली, तिची गाडी सुटत होती.

पुढच्या वेळी सॅक मांडीवर घे. कुणी मागायच्या आधी.

रविवारी येताना पहिलीचं कन्नड पुस्तक आण. निदान 'खानापूर' एवढं मला वाचता आलं पाहिजे. तूच शिकव.

तुझी,
आई