टाकीत टिकणारं यीस्ट

ऐरोली

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझ्या यीस्टकडून औषधाचा रेणू फ्लास्कमध्ये छान येतोय, फर्मेंटरमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीत नेलं की निम्म्यावर येतो." तुझा आवाज ऐकून मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी सगळी नोकरी रबाळ्याच्या कारखान्यात फर्मेंटरशेजारी गेली. जीन्सचं काम तुझं, पण टाकीतलं यीस्ट मी जवळून पाहिलंय.

साखर जास्त मिळाली की यीस्ट हवा भरपूर असली तरी अल्कोहोल करायला लागतं. तुम्ही त्याला क्रॅबट्री परिणाम म्हणता. मोठ्या टाकीत फीडच्या नळीजवळ साखर जास्त आणि लांब कमी, त्यामुळे एकाच टाकीत काही पेशी तुडुंब आणि काही उपाशी. रात्रपाळीला एक्झॉस्टच्या पाइपाला दारूचा वास यायला लागला की आम्ही आधी फीड कमी करायचो, लॅबचा रिपोर्ट मागाहून यायचा. म्हणून सगळी साखर सुरुवातीलाच ओतू नकोस. फेड-बॅच लाव, म्हणजे साखर थोडीथोडी सोड, आणि डीओवर, म्हणजे टाकीत विरघळलेल्या ऑक्सिजनवर नजर ठेव. डीओ एकदम वर उसळला तर साखर संपली असं समज. पीएच सांभाळणाऱ्या अमोनियाचा व्हॉल्व्ह उघडायचा थांबला, तर वाढच थांबलीय का ते बघ.

दुसरी गोष्ट तुझ्या प्लास्मिडची, म्हणजे तुझं जीन वाहणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्याची. तुझा रेणू, ते टर्पीन, बनवणं हा त्या पेशीवर भार आहे. ज्या पेशीनं प्लास्मिड टाकून दिलं, ती हलकी होते, भराभर वाढते आणि शेवटी टाकी तिचीच होते. फ्लास्कमध्ये पिढ्या कमी होतात, म्हणून हे दिसत नाही. रनच्या शेवटचं सॅम्पल प्लेटवर पसर आणि किती वसाहतींत तुझं जीन शिल्लक आहे ते तपास. यीस्टमध्ये जीन गुणसूत्रात नेमक्या जागी बसवणं किती सोपं, हे तूच मला समजावलंस. मग बसव ना!

आता जे मला खरं सांगायचंय ते. स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण, बांधतानाच टाकीचा आणि खर्चाचा विचार कर. आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाचं काम बघ. अमेरिकी शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटानं 2006 मध्ये यीस्टकडून आर्टेमिसिनिक आम्ल, म्हणजे त्या औषधाचा कच्चा माल काढला, लिटरला सुमारे 100 मिलिग्रॅम. त्या स्ट्रेनची जीन्स चालू करायला गॅलॅक्टोज ही साखर लागायची, आणि ती महाग. पुढे त्यांनी गॅल80 हे ब्रेक लावणारं जीनच काढून टाकलं आणि काम ग्लुकोजवर आणलं. यीस्टचा कच्चा माल एर्गोस्टेरॉल या त्याच्या स्वतःच्या चरबीसारख्या पदार्थाकडे जायचा, तो अडवायला आधी मेथिओनिन हे अमिनो आम्ल वापरायचे. नंतर प्रमोटर, म्हणजे जीनचं बटण, बदलून स्वस्तातल्या कॉपर सल्फेटवर भागवलं. एर्गोस्टेरॉल पूर्ण बंद मात्र केलं नाही, कारण त्याच्याशिवाय पेशीचं आवरणच उभं राहत नाही. 2013 पर्यंत आकडा लिटरला 25 ग्रॅमवर गेला. यातले कितीतरी निर्णय खर्चाचे होते आणि ते जनुकांच्या पातळीवर घेतले गेले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तरीही सानोफी या औषध कंपनीनं यीस्टपासून आर्टेमिसिनिनचं उत्पादन सुरू केलं तेव्हा त्यांचा भाव किलोला 350 ते 400 डॉलर होता, आणि शेतातल्या झाडापासून काढलेला माल 250 च्या खाली आला. 2015 मध्ये त्यांनी एक किलोही काढलं नाही. विज्ञान पक्कं होतं, भाव जमला नाही. तुझं औषध गरिबाच्या हातात पडावं असं तू लहानपणापासून म्हणतेस, म्हणून हे लिहितोय. तुझ्या रेणूचा आजचा बाजारभाव काय, लिटरला किती ग्रॅम आले तर तो परवडेल, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही. गॅलॅक्टोजवर तूही अवलंबून आहेस ना?

निम्म्यावर आलं म्हणून स्ट्रेन टाकून देऊ नकोस. वाया काहीच गेलेलं नाही. गेल्या रनचे डीओचे आणि पीएचचे चार्ट मला व्हॉट्सअॅपवर पाठव, फीड कधी सुरू केला ती वेळ त्यावर पेनानं लिहून. प्लेटांचे फोटोही पाठव. मी जुन्या सुपरवायझरना दाखवतो, ते अजून दिघ्यालाच राहतात आणि अशा चार्टवर बोलायला केव्हाही तयार असतात. गौरी-गणपतीला येशील तेव्हा त्यांच्याकडे जाऊन बसू.

आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा