रविवार शाळेच्या बाईंना

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सलाम.

माझी पत्नी गेल्यावर आमच्या घरी सांत्वनाला पुष्कळ माणसे आली. आजारपणात तिच्यासाठी मनापासून प्रार्थना करणाऱ्यांपैकीच काहींनी, कदाचित सहज, "विश्वास कुठेतरी कमी पडला" असे बोलून दाखवले. ते वाक्य माझ्या मनातून जाईना आणि मी उपासनेला जाणे सोडले. तुम्ही आलात, तासभर काही न बोलता बसलात, चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवलीत आणि गेलात. पवित्र शास्त्रातल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ असेच मुकाट बसले होते, हे तुम्ही फार नंतर सांगितलेत. त्यांनी तोंड उघडले तिथेच त्यांचे बिघडले, असेही हसून जोडलेत.

पुढे दर गुरुवारी आपण पवित्र शास्त्र वाचू लागलो. तुम्ही प्रथम ८८वे स्तोत्र काढलेत. इतर विलापस्तोत्रांत बहुधा शेवटी स्तुती येते, हे मात्र अंधारावरच थांबते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे, हे मी तोवर ध्यानात घेतले नव्हते. शरीरातला काटा, म्हणजे जडलेली पीडा, काढावा म्हणून प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनंती केली, तरी तो निघाला नाही. सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. "पौलाचा विश्वास कमी होता का रे?" एवढेच तुम्ही विचारलेत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायावर मात्र आपण कितीतरी गुरुवार रेंगाळलो. लाजार आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला. तो बेथानीस पोहोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असे त्याची बहीण मार्था म्हणाली आणि दुसरी बहीण मरियाही तेच म्हणाली. त्या चार दिवसांत दोघी बहिणींनी हे वाक्य एकमेकींना किती वेळा ऐकवले असेल, असे तुम्ही म्हणालात तेव्हा मला माझेच घर दिसले. येशूने दोघींपैकी कोणालाही दटावले नाही. मार्थेला त्याने "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" असे सांगितले. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडला. ज्याला घटकाभरात मेलेल्याला हाक मारून बाहेर बोलवायचे आहे त्याने आधी रडावे कशाला, हा प्रश्न तुम्ही आठवडाभर माझ्यापाशी तसाच सोडलात.

विश्वास म्हणजे बरे होण्यासाठी मोजायची किंमत, अशी माझी समजूत होती. आता मला वाटते, जो दुसऱ्याच्या कबरेपाशी रडला, स्वतः कबरेत गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्यावर भार टाकणे म्हणजे विश्वास. थेस्सलनीकातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिताना पौल शोक करूच नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असे सांगतो. तिला पुन्हा पाहीन ही आशा मला आहे, आणि रडूही येते.

पंडिता रमाबाईंच्या लेकीची, मनोरमेची, गोष्ट तुम्ही एकदाच, ओझरती सांगितलीत. १९२१ मध्ये लेक गेली, १९२२ मध्ये आई. आणि त्यांचे मराठी बायबल छापून पुरे झाले ते १९२४ मध्ये. तुम्हाला केडगावाविषयी, त्यांच्या मुक्ती मिशनविषयी, आणखी विचारायचे आहे.

गेल्या रविवारी मी उपासनेला आलो होतो, मागच्या बाकावर. तुम्ही पाहिलेत आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार. तुमचे पवित्र शास्त्र माझ्याकडेच राहिले आहे. विलापगीतात खुणेला ठेवलेले बसचे तिकीट हलवलेले नाही. गुरुवारी घेऊन येतो. योहानाचा १२वा अध्याय अजून वाचायचा आहे.

आपला कृतज्ञ,
तुमचा एक जुना विद्यार्थी