खसखस घरीच ठेव: सिंगापूरला निघालेल्या मित्रास पत्र

सांगली,
दि. २८ सप्टेंबर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत काकूंना घेऊन तुम्ही सर्वजण सिंगापूरला जाणार, हे कळल्यापासून मनाला फार समाधान वाटते आहे. तिथे काय पाहावे हे साताऱ्यात तुला कोणीही सांगेल. मला तुझ्या बॅगेविषयी लिहायचे आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरातली अगदी साधी वस्तू तिथे गुन्ह्यात मोडू शकते.

ती वस्तू म्हणजे खसखस. तिच्यात मॉर्फिन या अफूतल्या मादक द्रव्याचा अंश असू शकतो, म्हणून ती सिंगापुरात नेण्यास मनाई आहे. मागच्या दिवाळीत आम्ही निघालो तेव्हा सौ.ने डबाभर अनारसे बांधले होते आणि आमच्या प्रवासी कंपनीने खाण्याच्या जिनसांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आदल्या रात्री पुतण्याने तिथल्या सरकारची यादी वाचून दाखवली, तेव्हा आम्ही डबा उघडला. पाहतो तर झाकणाच्या कडेला, पंच्याच्या घडीत, सगळीकडे खसखशीचे दाणे चिकटलेले. डबा घरी ठेवला आणि बॅग अंगणात नेऊन उलटी करून झटकली. काकू अनारसे बरोबर घेणारच, म्हणून त्यांना आताच सांग. करंजीच्या सारणात आणि घरच्या काळ्या मसाल्यातही खसखस असते, हे पटकन लक्षात येत नाही. त्यापेक्षा शंकरपाळे ने. च्युइंगगम, तंबाखूची पुडी आणि ई-सिगारेट यांनाही तिथे बंदी आहे. मुलांचे खिसे एकदा तपास.

काकूंच्या औषधांकडे विशेष लक्ष दे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेव. मोठी बॅग वेळेवर आली नाही तरी अडचण होणार नाही. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांसाठी मात्र तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. काकूंना झोपेची गोळी लागते हे मला ठाऊक आहे, म्हणून तो अर्ज या आठवड्यातच करून टाक.

व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढ आणि सर्वांचे पासपोर्ट किमान सहा महिने वैध आहेत ना, ते पाहून घे. याशिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते पूर्णपणे मोफत आहे. आम्ही घाईत भलत्याच संकेतस्थळावर गेलो आणि प्रत्येकी पैसे भरून बसलो, म्हणून तू पत्ता नीट वाचून सरकारी संकेतस्थळावरच भर.

तिथली मेट्रो, जिला सर्वजण एमआरटी म्हणतात, बँकेचे कार्ड टेकवूनही वापरता येते. मात्र प्रत्येकाला वेगळे कार्ड हवे आणि त्यावर परदेशातील व्यवहार आधी सुरू केलेले हवेत. मी ते केले नव्हते. मागे रांग वाढत होती आणि दार उघडत नव्हते, तो क्षण मी विसरलेलो नाही. गाडीत खाण्यापिण्यास बंदी असून दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होतो, तेव्हा काकूंना पाणी स्टेशनात शिरण्यापूर्वीच पाज. पाणी विकत घेण्याची गरज नाही, नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

शाकाहारी जेवणासाठी लिटल इंडिया भागात सेरंगून रोडला जा. दिवाळीत तो रस्ता रोषणाईने उजळलेला असतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या अनेक गाळ्यांच्या सामायिक जेवणघरात, जेवलात तर ताट स्वतः उचलून ठेवावे लागते. काकूंसाठी एक सकाळ राखून ठेव आणि त्यांना बोटॅनिक गार्डन्समध्ये ने. १८५९ सालची ही बाग २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत आणि झाडे इतकी दाट आहेत की दुपारच्या दमट हवेतही तिथे बसवते. त्या दिवसांत पाऊस कधीही येतो, म्हणून छत्री हाताशी असू दे.

तिथल्या प्लगला तीन चौकोनी पिना लागतात. माझ्याकडे दोन ॲडॅप्टर आहेत, ते येत्या शनिवारी पुतण्याबरोबर साताऱ्याला पाठवतो. काकूंच्या औषधांची यादी त्याच्याजवळ दे, म्हणजे परवानगीचा अर्ज आपण दोघे फोनवर मिळून भरू.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र