झाकणांच्या आधीची वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिल्पकार एल अनात्सुई यांच्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यांना पानभर जागा मिळाली याचा आनंद आहे. पण लेखाचा सगळा भर एकाच प्रसंगावर: १९९० च्या दशकाअखेरीस नायजेरियात त्यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली पिशवी सापडली आणि ती झाकणे जोडून केलेल्या भव्य पडद्यांनी नशीब फळफळले. सूर 'टाकाऊतून टिकाऊ'चा. जणू ती पिशवी दुसऱ्या कोणाच्या हाती लागली असती तर तोही व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात पोचला असता!

घानात १९४४ साली जन्मलेले अनात्सुई १९७५ पासून नायजेरियातल्या न्सुक्काच्या विद्यापीठात शिल्पकला शिकवत होते. म्हणजे पिशवी सापडली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि वीसहून अधिक वर्षांची मास्तरकी पाठीशी होती. त्याआधी घानात त्यांनी बाजारात माल मांडायच्या लाकडी परातींवर तापलेल्या सळ्यांनी आकृत्या डागल्या. मग मातीची फुटकी मडकी. मग लाकूड. १९८० मध्ये अमेरिकेत असताना यांत्रिक करवत हाती आली आणि तिचे ओरबाडे त्यांनी मुद्दाम लपवले नाहीत. आफ्रिकेची वसाहतवाल्यांनी केलेली वाटणी त्यांना त्या ओरखड्यांत दिसत होती.

रिओच्या वसुंधरा परिषदेच्या निमित्ताने १९९२ साली त्यांनी ब्राझीलमध्ये केलेले 'इरोजन' (म्हणजे धूप) हे शिल्प लेखात नसावे, याचे नवल वाटले. एक उंच खोड, अंगभर बारीक खुणा कोरलेल्या. खाली येता येता ते करवतीने चिरफाळलेले आणि पायथ्याशी ठोकळे नि भुसा. जमिनीची धूप आणि संस्कृतीची धूप एकाच खोडात. निसर्गाविषयी त्यांना काय म्हणायचे आहे, ते मला तरी झाकणांपेक्षा इथे जास्त उघड दिसते.

झाकणांचेही तसेच. ती चकचकीत दिसतात म्हणून घेतलेली नाहीत. दारू गाळणारे रिकामी बाटली पुन्हा वापरतात, झाकण मात्र फेकून देतात. ठोकून सपाट केलेल्या, दुमडलेल्या, तांब्याच्या तारेने जोडलेल्या त्या पत्र्यांवर दारूच्या ब्रँडची नावे जवळून वाचता येतात. युरोपातून आफ्रिकेत व्यापारासाठी जी दारू आली, तिचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध होता. हा धागा सुटला की हाती उरतो नुसता झगमगता पडदा.

नोकरीने कलावंत मारला जातो, असे सर्रास म्हटले जाते. इथे मला उलटे दिसते. पगार विद्यापीठातून येत असल्यामुळे एखादे माध्यम खपले म्हणून तेच आयुष्यभर दळत बसायची सक्ती नव्हती. शिवाय ही झाकणांची कामे कशी टांगायची, कुठे चुण्या घालायच्या, हे ते मांडणाऱ्यांवर सोडतात. उत्तर न सांगता विद्यार्थ्याला कामाला लावणारा शिक्षकच तो!

व्हेनिसच्या प्रदर्शनाचा जीवनगौरव पुरस्कार 'सुवर्णसिंह' (२०१५) आणि लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातले भव्य काम (२०२३) यांचा उल्लेख लेखात आहे, तो योग्यच. मात्र पुढे कधी या विषयाकडे वळलात तर लाकडातल्या कामांचे एखादे छायाचित्र जरूर छापा आणि झाकणांचे अगदी जवळून घेतलेले द्या. छापलेल्या फोटोत तार कुठे आहे हेच कळत नाही.

आपला,
शिल्पकलेचा एक निवृत्त शिक्षक